मेंदूला बाहेरून उत्तेजन देऊन खाण्याची तल्लफ आणि वजन कमी करता येते का?

पिंपळपान

वजन कमी करण्याच्या जाहिरातींत अलीकडे एक नवा प्रकार दिसू लागला आहे. डोक्याला पट्टा बांधून वीस मिनिटे स्वस्थ बसावे, मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य वीज किंवा चुंबकीय स्पंद मिळावेत आणि गोड-तळकट पदार्थांची ओढ आपोआप ओसरावी, असा त्यांचा दावा असतो. कोणी पट्टाच विकतो, कोणी सत्रांचे पॅकेज देतो. मी डॉक्टर नाही, पण वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करून पोट भरतो, त्यामुळे मूळ शोधनिबंध वाचण्याची सवय आहे. ओळखीच्या काही जणांनी याबद्दल विचारले, तेव्हा प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा येथे सविस्तर लिहावे असे वाटले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तल्लफ कमी होणे, प्रत्यक्ष कमी खाल्ले जाणे आणि वजन उतरणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा बरा म्हणावा असा आहे, दुसरीचा तुटपुंजा आहे आणि तिसरीचा फारच थोडा. जाहिरातीत मात्र पहिलीचे आकडे दाखवून तिसरी विकली जाते.

तंत्रे दोन आहेत आणि त्यांची हमखास सरमिसळ होते. पहिले चुंबकीय उत्तेजन, म्हणजे टीएमएस. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला आणि कवटी न उघडता मेंदूतील पेशी चेतवून माणसाचा हात हलवून दाखवला. असे स्पंद एका लयीत पुन्हा पुन्हा दिले की त्याला आरटीएमएस म्हणतात. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, त्याला २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये ओसीडी या मनोविकारासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मान्यता दिली. दुसरे तंत्र टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांचे दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बसवून त्यांतून एक ते दोन मिलिअँपिअर इतका अल्प डीसी प्रवाह सोडायचा, असे त्याचे स्वरूप आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील नित्शे आणि पाउलुस यांच्या २००० सालच्या निबंधानंतर त्यावरील संशोधनाला वेग आला. यात पेशी थेट चेतवल्या जात नाहीत, त्या चेतवल्या जाण्याची शक्यता तेवढी थोडी वरखाली होते. यंत्र स्वस्त आणि बॅटरीवर चालणारे असल्यामुळे घरी वापरायचे पट्टे बहुतेक याच जातीचे असतात. मान्यता मात्र पहिल्या तंत्राच्या दाखवल्या जातात, त्याही वजनाशी संबंध नसलेल्या.

उत्तेजन द्यायची जागा बहुधा एकच असते. कपाळाच्या वरच्या अंगाला, कवटीच्या आत असलेला डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. पुढे याला कपाळामागचा भाग एवढेच म्हणतो. मोह आवरणे, बेत ठरवून तो पाळणे, समोरच्या गोष्टीवरून लक्ष काढून घेणे या कामांत त्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील फिनिक्स येथील सरकारी संशोधन केंद्रात २००६ साली असे आढळले, की पोटभर जेवणानंतर लठ्ठ व्यक्तींमध्ये डाव्या बाजूचा हा भाग इतरांच्या तुलनेत कमी सक्रिय होतो. त्याला बाहेरून चालना दिली तर हात आवरेल, असा त्यानंतरचा साधा तर्क आहे. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी अलोन्सो-अलोन्सो आणि पास्कुआल-लिओन यांनी लठ्ठपणाचा संबंध मेंदूच्या उजव्या बाजूशी जोडणारे गृहीतक मांडले. त्यामागे काही रुग्णांच्या नोंदी होत्या. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर माणसाला उत्तम खाण्याचे वेड लागते, असे स्वित्झर्लंडमधील रेगार्ड आणि लँडिस यांनी १९९७ साली नोंदवले होते. त्यांच्या रुग्णांपैकी एक राजकीय पत्रकार पक्षाघातानंतर खाद्यपदार्थांवर स्तंभ लिहू लागला. त्यामुळे डावी बाजू की उजवी, यावर संशोधकांतच एकमत नव्हते आणि निरनिराळ्या प्रयोगांत ॲनोड, म्हणजे टीडीसीएसचा धन इलेक्ट्रोड, निरनिराळ्या बाजूला लावलेला दिसतो.

या भागाचा खाण्याशी खरोखर कार्यकारण संबंध आहे, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा उलट दिशेने येतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील लो, हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली निरोगी तरुणींमध्ये डावा कपाळामागचा भाग चुंबकीय स्पंदांनी काही काळ मंदावला. त्यानंतर त्यांची तल्लफ वाढली आणि समोर ठेवलेले चटपटीत खाणेही त्यांनी अधिक खाल्ले. प्रयोग देखणा आहे. पण एखादी क्षमता मंदावली की काम बिघडते, यावरून ती नेहमीपेक्षा वाढवली की काम सुधारते असे सिद्ध होत नाही.

आता या क्षेत्राची खरी अडचण ज्यातून दिसते, त्या दोन प्रयोगांकडे येतो. २००५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील उहेर आणि सहकाऱ्यांनी वारंवार तल्लफ येणाऱ्या २८ स्त्रियांवर आरटीएमएसचे एकच सत्र केले. निम्म्यांना खरे स्पंद आणि निम्म्यांना नकली. मग खाण्याचे पदार्थ समोर मांडले. नकली गटाची तल्लफ वाढली, खऱ्या गटाची होती तेथेच राहिली. हा निकाल पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत गेला. त्याच निबंधातील दुसरे वाक्य त्या मानाने कमी वाचले जाते: त्यानंतर दोन्ही गटांनी जे खाल्ले, त्यात फरक नव्हता.

२०११ साली बार्थ आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न दहा स्त्रियांवर पुन्हा तपासला, पण नकली उत्तेजनावर अधिक मेहनत घेतली. खऱ्या टीएमएसमध्ये डोक्याच्या कातडीवर टोचल्यासारखे आघात जाणवतात, स्नायू आकसतात, थोडे दुखते. साध्या नकली वेटोळ्याचा फक्त आवाज येतो. म्हणजे कोणाला खरे मिळाले, याचा अंदाज खुर्चीतच बांधता येतो. बार्थ यांनी नकली सत्रातही कातडीला विजेचे तितकेच बोचरे झटके दिले. तल्लफ दोन्ही सत्रांत सारखीच कमी झाली. दहा जणींचा प्रयोग लहानच आहे, त्यावरून सारे मोडीत काढता येत नाही. तरी कपाळावर कोणीतरी टकटक करत असताना चॉकलेटचा विचार मागे पडतो, ही शक्यता आधीच्या निकालात शिल्लक होतीच.

टीडीसीएसची गोष्ट याहून निसरडी आहे. २००८ मध्ये फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी २३ जणांवर केलेल्या प्रयोगात तल्लफ उतरली आणि मग अशा लहान प्रयोगांची रांग लागली. लो, व्हिन्सेंट आणि हॉल यांनी २०१७ साली उपलब्ध प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा तल्लफेवरचा परिणाम आरटीएमएसच्या बाजूने टिकला आणि टीडीसीएसच्या बाजूने टिकला नाही. प्रत्यक्ष खाण्यावर एकंदरीत ठोस परिणाम दिसला नाही. २०१९ साली कार्डिफच्या गटाने आपली पद्धत आधीच जाहीर करून १७२ जणांवर चाचणी केली. या क्षेत्रात हा आकडा दांडगा आहे. तेथेही एका सत्राच्या टीडीसीएसने तल्लफेत किंवा खाण्यात फरक पडला नाही.

कातरवेळ

लेख आवडला. मी विद्युत अभियंता आहे, त्यामुळे मला अधिक मूलभूत शंका आहे. दोन मिलिअँपिअर प्रवाह ओल्या स्पंजातून कातडीवर सोडल्यास तो सर्वांत कमी रोध असलेल्या मार्गाने जाईल, आणि घाम, रक्त व क्षार असलेली कातडी हाडापेक्षा कितीतरी चांगली वाहक आहे. मग कवटीच्या आत कितीसा प्रवाह पोहोचत असेल?

पिंपळपान

कातरवेळ, शंका रास्त आहे आणि ती प्रत्यक्ष मोजूनही पाहिली गेली आहे. बुझाकी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या डोक्यात इलेक्ट्रोड ठेवून केलेली मोजणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यानुसार कातडी, मऊ ऊती आणि कवटी मिळून सुमारे ७५ टक्के प्रवाह बाहेरच्या बाहेर जिरवतात. उरलेल्याने काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही, कारण स्नायूंच्या हालचालींवरील प्रयोगांत परिणाम मोजता येतात. पण कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांचा आकार आणि स्पंजची जागा यांनुसार एकाच यंत्रातून दोन माणसांच्या मेंदूत पोहोचणारा प्रवाह बराच वेगळा असू शकतो. भूक नियंत्रित करणारा हायपोथॅलॅमस तर मेंदूच्या तळाशी खोलवर आहे, तेथे नेमकेपणाने पोहोचणे या स्पंजांच्या आवाक्यातले नाही. 'भूक-केंद्र शांत करतो' असे पट्ट्याच्या खोक्यावर लिहिलेले दिसले, तर ते कसे, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

गवतीचहा

मी नैराश्यासाठी आरटीएमएस घेतले आहे, वजनासाठी नव्हे. तरी प्रत्यक्ष काय घडते हे वाचकांना कळावे म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी पोहताना घालतात तशी घट्ट पांढरी टोपी डोक्यावर चढवली आणि टेपने नाकापासून मानेपर्यंत व कानापासून कानापर्यंत मापे घेतली. मग तंत्रज्ञ ताईंनी डोक्याच्या डाव्या बाजूला वेटोळे थोडे थोडे सरकवत एकेक स्पंद दिला. एका जागी माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. मी हलवलेला नव्हता, तो उडाला. हे फार विचित्र वाटते. अंगठा जेमतेम हलेल इतकी शक्ती हे माझे माप ठरले आणि त्या जागेपासून पुढे सरकून उपचाराची जागा टोपीवर पेनाने रंगवली. नंतर दररोज तीच टोपी. चार सेकंद कर्कश टकटक, मग सव्वीस सेकंद शांतता, असे अर्ध्या तासाहून अधिक वेळ. कानात बोळे घालावे लागतात. सुरुवातीला डाव्या भुवईपाशी दुखायचे आणि पापणी फडफडायची, पुढे सवय झाली.

आता तुमच्या विषयाचे. उपचारांनी मला गुण आला, आणि त्याबरोबर माझी गेलेली भूक परत आली. जेवण पुन्हा रुचू लागले व वजन वाढले. डॉक्टरांना याचा आनंदच झाला. जागा तीच, यंत्र तेच, मग एकाची भूक वाढते आणि दुसऱ्याची कमी होते हे कसे?

उंबरठा

गवतीचहा, आपण फार नेमके लिहिले आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि आमच्या विभागात आरटीएमएसचे यंत्र आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कपाळामागचा भाग हे भुकेचे बटण नव्हे. नैराश्यात त्याचा मेंदूच्या खोल भागांशी असलेला ताळमेळ बिघडतो, तो सुधारला की झोप, भूक, रस सगळेच मूळ जागी येऊ लागते. आपले मूळ जेवणे-खाणे उत्तम असेल तर भूक वाढलेली दिसणार. उलट ज्यांचे खाणे उदासीमुळे वाढलेले असते, त्यांचे ते कमी झालेलेही आम्ही पाहतो. म्हणूनच वजनासाठी आलेल्या रुग्णाला आधी नैराश्य आहे का, अल्प वेळात ताबा सुटून प्रचंड खाण्याचा विकार आहे का, हे तपासले पाहिजे. पॅकेज विकणाऱ्या ठिकाणी हे तपासले जात असेल याची मला खात्री वाटत नाही.

सुरक्षिततेबद्दल पिंपळपान यांनी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. नियम पाळून दिलेले आरटीएमएस बरेच सुरक्षित आहे. त्यातील सर्वांत गंभीर धोका फिट येण्याचा. तो विरळा आहे, पण शून्य नाही. अपस्माराचा पूर्वेतिहास, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र) असेल तर आम्ही सहसा नकार देतो, आणि पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. वजनाच्या रुग्णांत एक खास गोष्ट सांभाळावी लागते. ब्युप्रोपिऑन हे औषध धूम्रपान सोडण्यासाठी, नैराश्यासाठी आणि परदेशात नाल्ट्रेक्सोनच्या जोडीने वजनासाठीही दिले जाते. ते फिट येण्याची शक्यता वाढवते. रुग्ण एका डॉक्टरांकडून हे औषध घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी चुंबकीय सत्रे घेतो, पण दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो, अशी वेळ येऊ शकते. रात्रभर जागरण करून किंवा दारू पिऊन सत्राला येणेही टाळावे.

रानमेवा

हे सगळे वाचून मला उलटाच प्रश्न पडला आहे. नकली उत्तेजनानेही तल्लफ कमी होते असे आपणच लिहिता. मग बिघडले कोठे? माणसाला समोसा खावासा वाटेनासा झाला, याला महत्त्व आहे. तो विजेने झाला की विश्वासाने, याची उठाठेव रुग्णाने कशाला करावी? अंगारा-धुपाऱ्याने बरे वाटणाऱ्याला आपण हसतो, पण बरे वाटते हे खरेच असते.

पिंपळपान

रानमेवा, आपला प्रश्न चिमटा काढणारा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. अलाबामा विद्यापीठातील रे, बोजियानो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हेच तपासले. वजन जास्त असलेल्या लोकांना त्यांनी खरे किंवा नकली टीडीसीएस दिले, आणि त्याबरोबर काहींना 'तुम्हाला खरे मिळते आहे' असे तर काहींना 'तुम्हाला नकली मिळते आहे' असे सांगितले. सांगितलेले आणि दिलेले नेहमी जुळत नव्हते. ज्यांना खरे मिळत असल्याचे सांगितले होते त्यांची तल्लफ कमी झाली आणि त्यांनी खाल्लेही कमी, मग प्रत्यक्षात प्रवाह चालू असो वा नसो. म्हणजे अपेक्षेचे बळ केवळ कागदावरच्या खुणेपुरते नाही, ते ताटलीपर्यंत पोहोचते. येथवर मी आपल्याशी सहमत आहे.

पुढे मात्र दोन अडचणी येतात. हा परिणाम प्रयोगशाळेतील एका दुपारचा आहे. वजनाचा हिशोब महिन्यांत आणि वर्षांत होतो, आणि तोवर विश्वास टिकतो असे कोणी दाखवलेले नाही. दुसरी अडचण पैशांची. अपेक्षेचा परिणाम फुकट मिळतो म्हणून तो चांगला. त्यासाठी यंत्राची किंमत वसूल करायची तर यंत्राने स्वतःची भर घातली पाहिजे. शिवाय उंबरठा यांनी सांगितलेले धोके विश्वासाने कमी होत नाहीत.

शेवगा

माझ्या नणंदेने आमच्या शहरातील एका केंद्रात असे पॅकेज घेतले होते. तिला चांगला गुण आला, काही किलो वजन उतरले. पण हा धागा वाचून मी तिच्याकडून तेथील कागद मागवले. पहिल्याच पानावर आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता आहे: साखर बंद, रात्रीचे जेवण साडेसातच्या आत, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, रोज पाऊण तास चालणे, आणि दर भेटीला वजनकाट्यावर उभे राहणे. मग सत्रे. डोक्यावर नेमक्या कोणत्या जागी, किती शक्तीचे, किती वेळ, यातले काहीच कागदावर नाही. यंत्राचे नावही नाही.

आता भाचा म्हणतो की सत्रांना एवढे पैसे देण्यापेक्षा ऑनलाइन पट्टा मागवू, फार तर स्वतःच तयार करू; नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा पुरतात म्हणे. त्याला काय सांगावे?

उंबरठा

शेवगा ताई, भाच्याला बॅटरीपासून लांब ठेवा, हे प्रथम. प्रयोगशाळेतील यंत्र प्रवाह हळूहळू चढवते, एका मर्यादेत स्थिर ठेवते आणि स्पंज सुकून रोध वाढला की थांबते. साध्या बॅटरीला यातले काही कळत नाही. स्पंज मध्येच सुकला किंवा नीट चिकटला नाही की एका बिंदूवर प्रवाह एकवटतो आणि कातडी भाजते. अशा भाजण्याच्या नोंदी नियंत्रित प्रयोगांतूनही झालेल्या आहेत. २०१६ साली या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी घरगुती प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले होते. प्रवाह तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मेंदूच्या अधिक भागांवर परिणाम करतो, एका क्षमतेत वाढ होताना दुसरीत घट होऊ शकते, परिणाम दीर्घकाळ टिकू शकतात आणि व्यक्तीनुसार ते पालटतात, असा त्याचा आशय होता. भाच्याचे वय मला माहीत नाही, पण वाढत्या वयातील मेंदूबाबत तर अधिकच सावध राहावे.

नणंदेच्या कागदांवरून त्यांना गुण कशाने आला हे ठरवता येणार नाही. तो तक्ता पाळला तर वजन सत्रांवाचूनही उतरावे. उतरले याचा आनंद आहेच.

दवबिंदू

चर्चा चांगली चालली आहे, पण एक पैलू राहतो आहे. वजनावर थेट परिणाम मोजणारे प्रयोग झालेच नाहीत का? इटलीत काही तरी झाले आहे असे वाचले होते. आणि सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळू लागलेली असताना या खटाटोपाला काही अर्थ उरतो का? वेगोवी (म्हणजे सेमाग्लुटाइड) आणि मौंजारो (म्हणजे टिर्झेपटाइड) दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. पहिल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, दुसऱ्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. या आकड्यांपुढे टकटक करणारे यंत्र कोठे बसते?

पिंपळपान

दवबिंदू, प्रयोग झाले आहेत. फिनिक्सच्या केंद्रातील ग्लक आणि सहकाऱ्यांचा २०१५ सालचा प्रयोग मला मांडणीसाठी फार आवडतो. त्यांनी लठ्ठ व्यक्तींना केंद्रातच मुक्कामाला ठेवले आणि खाण्यासाठी पदार्थांनी भरलेली यंत्रे दिली. कळ दाबावी, हवे ते घ्यावे, आणि उरलेले परत मोजले जाते. त्यामुळे 'किती खाल्ले' हे आठवणीवर अवलंबून राहत नाही. आपण सगळेच चहाबरोबरची दोन बिस्किटे मोजायला विसरतो. ॲनोड डाव्या कपाळामागच्या भागावर असताना चरबीतून आणि गोड शीतपेयांतून येणाऱ्या कॅलरी कमी झाल्या. पण माणसे एकूण नऊच. याच केंद्राने २०१७ साली अधिक लोकांवर आणि अधिक सत्रांचा प्रयोग केला, तेव्हा सांगितलेली भूक व चटपटीत खाणे कमी झाले, तरी वजनात फरक निघाला नाही.

तुम्ही वाचलेला इटलीचा प्रयोग मिलानजवळच्या सान डोनातो येथील लुझी आणि फेरुल्ली यांच्या गटाचा असणार. अधिक खोलवर पोहोचणारे वेटोळे वापरून त्यांनी पाच आठवड्यांत १५ सत्रे दिली. सेकंदाला १८ स्पंद मिळालेल्या गटाचे वजन सुमारे ४ टक्के उतरले आणि वर्षभर पाठपुरावा केल्यावरही घट टिकून होती. माझ्या मते आतापर्यंतचा हा सर्वांत आशादायक निकाल आहे. सहभागी ३३, ते तीन गटांत विभागलेले, म्हणजे प्रत्येक गटात दहा-तेरा जण. सर्वांना कमी कॅलरींचा आहारही दिलेला. दोन माणसे इकडची तिकडे झाली तर सरासरी हलते, म्हणून मोठ्या चाचणीवाचून त्यावर भार टाकू नये. दक्षिण कोरियात साध्या आरटीएमएसच्या चार आठवड्यांतील आठ सत्रांनंतर वजनातील घट पावणेतीन किलोच्या आसपास होती.

तेव्हा इंजेक्शनांशी तुलना केली तर आज सामना एकतर्फी आहे. माझा रस मात्र दुसऱ्या टप्प्यात आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत चढल्याचे त्याच चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसले. औषध बंद झाले की भूक आणि खाण्याचे विचार परततात. वजन उतरवण्यासाठी नव्हे, तर उतरलेले टिकवण्यासाठी, त्या नाजूक महिन्यांत उत्तेजनाचा उपयोग होतो का, हा प्रश्न मला विचारण्यासारखा वाटतो.

कातरवेळ

आणि अशी चाचणी आपल्याकडे झाली तर वजनकाटा पुरेल का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो प्रसिद्ध फोटो आठवला. ते स्वतः आणि इंग्लंडचे जॉन युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

पिंपळपान

कातरवेळ, अगदी बरोबर. आपल्याकडे बीएमआय २३ लाच वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा मानतात, तर वर उल्लेखलेल्या बऱ्याच चाचण्यांत ३० च्या पुढचे लोक होते. कंबरेचा घेर, यकृतातील चरबी आणि साखर मोजल्याशिवाय येथील चाचणी अपुरी ठरेल. तल्लफ मोजण्यासाठी दाखवली जाणारी चित्रेही बदलावी लागतील. त्यांत चॉकलेट, पिझ्झा आणि बटाट्याचे तळलेले काप असतात. ज्याचा हात संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे जातो, त्याला या चित्रांपुढे बसवून काय निष्पन्न होणार?

रानमेवा

चित्रांत बाकरवडी ठेवणार असाल तर नकली गटात माझे नाव घाला.

शेवगा

भाच्याला हा धागा वाचायला दिला. बॅटरीचा बेत रद्द झाला. पट्ट्याच्या कंपनीला मात्र त्याने लिहिले आहे, की वजनावरची, नकली गट असलेली आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त पाठपुरावा केलेली चाचणी असल्यास पाठवा. नणंदेच्या केंद्रालाही आम्ही जागा, शक्ती आणि यंत्राचे नाव विचारले आहे.

उंबरठा

केंद्राला आणखी एक विचारा. सत्रापूर्वी नणंदेची औषधे आणि फिट्सचा इतिहास कोणी लिहून घेतला होता का, आणि सत्राच्या वेळी डॉक्टर इमारतीत होते का? याचे उत्तर लेखी मिळाले नाही, तर पुढच्या सत्रांचे पैसे भरू नका.

शेवगा

विचारते. उत्तर आले की येथेच लिहीन.